वाडीच्या वरून ओढलेली रेघ

घरात तिला धाकटी म्हणत आणि कचेरीत बाई. सर्वेक्षण कचेरीच्या नकाशा विभागात ती सव्वीस वर्षं शाई भरत होती. मोजणीदार डोंगरदऱ्या पालथ्या घालून काय ते पेन्सिलीने कागदावर उतरवून आणायचे. त्यावर पारदर्शक कागद अंथरून रेघ न् रेघ शाईने पक्की करायची, हे तिचं काम. कचेरीत दोन संगणक आले होते, पण एकावर आवक-जावक चाले आणि दुसऱ्यावर साहेबांचा टॉवेल वाळत असे. सरकारी नकाशा अजून बाईंच्या हातातूनच बाहेर पडायचा.

बेट तिला तोंडपाठ होतं, आणि गंमत म्हणजे त्यातलं निम्मं तिने पाहिलंही नव्हतं. मधोमध डोंगर, आणि त्याच्या चारी अंगांना चार वेगळे देश म्हणावेत असे मुलूख. पूर्वेची ओली बाजू : समुद्रावरून येणारे ढग तिथेच डोंगराला अडतात, म्हणून वर्षातले नऊ महिने पाऊस, दाट झाडी आणि घरातल्या लाकडाला कायमची बुरशी. पश्चिमेची कोरडी बाजू : डोंगर ओलांडेपर्यंत ढग रिकामे झालेले असतात, तिथे पिकत काही नाही, पण बंदर आहे, म्हणून राजधानी आणि कचेऱ्या तिथेच. उत्तरेला काळा खडक : दोनशे वर्षांपूर्वी वाहत येऊन थिजलेला लाव्हा, मैलोन्‌मैल, ज्यावर अजून गवताची काडी धरत नाही. आणि दक्षिणेला राखपट्टा. डोंगर दर पाच-दहा वर्षांनी थोडी राख उडवतो, वारा ती दक्षिणेला नेऊन टाकतो, आणि त्या मातीत काठी रोवली तरी पालवी फुटते. सगळं बेट राखपट्ट्याचा मका आणि बटाटा खातं. नकाशावर तिने त्याला फिकट पिवळा रंग दिला होता. ती स्वतः तिथलीच.

तिची थोरली बहीण अजून तिथे राहत होती, ओढ्याकाठच्या अकरा घरांच्या वाडीत. आई गेली तेव्हा थोरली पंधराची आणि धाकटी सहाची. थोरलीने शाळा सोडली, दुसऱ्यांच्या शेतात बटाटे काढले आणि धाकटीला शिकायला शहरात पाठवलं. थोरलीचं लग्न वाडीतच झालं. नवरा तरणाताठा असताना झाडावरून पडून गेला, मूलबाळ नाही. दोन गाई, जमिनीचा लहानसा तुकडा आणि तिखट जीभ एवढ्यावर तिने पुढची वीस वर्षं काढली होती.

त्या वर्षी डोंगराचं काहीतरी बिनसलं. ओढ्याचं पाणी कोमट झालं. विहिरींना नासक्या अंड्यासारखा वास येऊ लागला. टेबलावरची शाईची दौत दिवसातून तीन-चारदा आपली आपण किणकिणायची, आणि धाकटी लेखणी वर धरून धक्का ओसरायची वाट बघायची. शेवटी सरकारने ठरवलं, डोंगराभोवती एक रेघ मारायची. रेघेच्या वर राहणाऱ्या सगळ्यांना काळ्या खडकावर हलवायचं. रेघ कुठून जाईल ते ठरवायला एका मोजणीदाराला पाच आठवडे डोंगरावर पाठवलं. हा उंच, किडकिडीत, थट्टेखोर माणूस परत आला तो खोकतच. कागद बाईंच्या टेबलावर ठेवून म्हणाला, "बाई, ही घ्या लक्ष्मणरेषा. ओलांडणाऱ्याला रावण लागणार नाही, डोंगरच पुरेसा आहे." आणि तसाच दवाखान्यात जाऊन भरती झाला. राख छातीत बसली होती.

कागद उलगडला आणि धाकटीचं बोट आपसूक ओढ्यावर गेलं. रेघ वाडीच्या खालून, पुलाजवळून गेली होती. वाडी आत.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत थोरली कचेरीच्या फाटकात उभी. पहाटेची बस धरून आली होती, केसांवर राखेची बारीक पूड.

"खरं सांग. आम्ही रेघेच्या आत की बाहेर?"

"अजून पक्कं नाही ताई."

"कालपासून कागद तुझ्या टेबलावर आहे."

"हे कोणी सांगितलं तुला?"

"बसच्या कंडक्टरने. तुमची कचेरी म्हणजे चाळण आहे चाळण." थोरलीने पायरीवर बसकण मारली. "आत की बाहेर?"

"आत."

थोरलीने पदराने केसांवरची राख पुसली. मग म्हणाली, "मामाला नेलं होतं ना काळ्या खडकावर, मागे डोंगर घुमला त्या वेळच्या घाबरगुंडीत. दोन वर्षांसाठी म्हणाले होते. तू तेव्हा शहरात. मी जायचे भेटायला. पत्र्याची शेड, दुपारी आत बसवत नाही, बाहेर उभं राहवत नाही. चप्पल खडकाला चिकटायची. टँकर आला तर पाणी. शेडच्या मागे खडकाच्या खाचेत मूठभर माती टाकून मामाने मिरचीचं एक रोप लावलं होतं, आणि दिवसभर त्याच्यावर आपली सावली धरून बसायचा. माणूस मेला नाही गं तिथे. वाळला."

"ताई, डोंगर खरंच फुटला तर?"

"तर फुटू दे. मी डोंगराखाली मरेन, पण त्या तव्यावर नाही जायची."

"रेघ मी ठरवत नाही. मी फक्त शाई भरते."

"मग शाई जरा वर भर," थोरली म्हणाली. म्हणताना हसली, पण डोळे हसले नाहीत.

तिने शाळा सोडल्याचा विषय काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं. धाकटीला रागावता आलं असतं. डब्यातली अर्धी भाजी थोरलीने खाल्ली, भाजीत मीठ कमी आहे म्हणाली, आणि दोनच्या बसने परत गेली.

त्या दुपारी धाकटी कागदावर वाकून बसली. अंगठ्याच्या रुंदीएवढं अंतर होतं. जमिनीवर तेवढंच म्हणजे अर्धा किलोमीटर. वाडीच्या वर ओढ्याला दोन फाटे फुटतात. रेघ पुलावरून उचलून त्या फाट्यावर नेली तर नकाशाच्या दृष्टीने उलट सुबकच दिसत होती. पुलाजवळ मोजणीदाराची पेन्सिल जरा घसरलीही होती. माणूस तापात होता, त्याचा हात हलला असेल, असं ती स्वतःला म्हणाली. रबर घेऊन तिने मोजणीदाराच्या कागदावरची बोटभर लांबीची रेघ पुसली, पेन्सिलीने वरून नवी काढली, आणि मग शाई भरली. हात अजिबात थरथरला नाही. पुढे कित्येक दिवस तिला त्याचंच नवल वाटत राहिलं.

साहेबांना मंत्र्यांकडे पोचायची घाई होती. उभ्या उभ्याच सही करताना त्यांनी विचारलं, "वळणं सगळी तपासलीत ना बाई?"

"हो साहेब."

चार दिवसांत नकाशा छापून चौकाचौकात लागला. रेघेच्या वरच्या गावांत बस येऊ लागल्या. लोक गाद्या, कोंबड्या, दारंसुद्धा काढून टपावर बांधून उत्तरेला गेले. वाडी राहिली. वाडीतल्या लोकांनी नकाशासमोर उभं राहून आपलं ठिकाण बोटाने शोधलं आणि एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या.

धाकटीला पंधरा दिवस गाढ झोप लागली. मग थोरलीचा फोन आला.

"अगं, आमच्या वाडीला भाग्य आलंय! अडतीस माणसं होती, एकसष्ट झालीत."

"म्हणजे?"

"वरच्या गावातली. काळ्या खडकावर कोण जातंय? ज्याचा कोणी सोयरा वाडीत आहे तो इकडेच उतरला. आमचं ठिकाण सुरक्षित आहे ना, सरकारी नकाशात लिहिलंय. माझ्या गोठ्यात एक शिवणकाम करणारी बाई आहे, दोन पोरी आणि अंथरुणाला खिळलेला सासरा घेऊन. गाईंपेक्षा जास्त गवत त्याच्या गादीखाली लागतं."

 बहिणीसाठी ओढलेल्या रेघेने तेवीस माणसं खाली खेचून आणली होती.

ती दवाखान्यात गेली. मोजणीदार उशीला टेकून बसला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिने विचारलं, "पुलाजवळ रेघ खाली का घेतलीत तुम्ही? वरचा फाटा जास्त सोयीचा नव्हता का?"

"सोयीचा कुणाला?" तो खोकला. "बाई, त्या फाट्यापाशी ओढा वाकतो. पाणी असेल तर तेही वाकतं. पण डोंगरावरून तापलेल्या राखेचा लोंढा सुटला की तो वळण बघत नाही, सरळ येतो. आणि सरळ पुढ्यात काय आहे? ती अकरा घरं. तिथे मी दोन दिवस बसलो होतो, बाई. सगळ्या रेघेत माझी खात्री असलेली जागा म्हणाल तर ती एकच. का विचारता?"

"सहज," धाकटी म्हणाली.

रविवारी ती वाडीला गेली. थोरलीच्या अंगणात शिवणयंत्र खडखडत होतं. शिवणवाली नकाशाच्या भरवशावर पडदे शिवत होती, गोठ्याला लावायला. तिच्या दोन पोरी राखेत बोटांनी चित्रं काढत होत्या. धाकटीने बहिणीला ओढ्याकडे नेलं. पाण्यात हात घालवत नव्हता. तिथे तिने सगळं सांगितलं.

 थोरलीने खाली वाकून एक दगड उचलला, परत ठेवला.

"मी थट्टेत म्हटलं होतं," ती शेवटी म्हणाली.

"थट्टेत नव्हतं म्हटलंस."

"नव्हतं," थोरलीने मान्य केलं. "पण तू ऐकशील असं वाटलं नव्हतं. लहानपणी साधं ऊठ म्हटलं तर उठायची नाहीस."

"तू आज माझ्याबरोबर चल, ताई. आत्ताच्या बसने."

"आणि बाकीची साठ?"

"त्यांना काय सांगू? रेघ खोटी आहे सांगितलं तर कोणी मारली ते विचारतील. माझी नोकरी जाईल, तुरुंगात जाईन मी."

थोरलीने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, आणि तेच धाकटीला सोसवेना. लहानपणी ताप आल्यावर ती असंच बघायची, कितपत चढलाय ते.

"सांगायला तर हवं," थोरली म्हणाली. "तू उद्या तुझ्या साहेबांना सांग. नकाशा दुरुस्त झाला की बस आपोआप येतील. तोवर इथलं मी बघते. तू रेघ हलवलीस हे कळू देत नाही."

सोमवारी धाकटी साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिली. घरून वाक्य पाठ करून आली होती : मी रेघ बदलली. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"साहेब, पुलाजवळच्या रेघेत काहीतरी चूक असावी."

"असावी?" साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे आहे की नाही?"

"वाडी आत घ्यायला हवी, असं मोजणीदारांचं म्हणणं पडलं."

"तापात पडलेल्या माणसाचं म्हणणं? सही त्याचीच आहे ना खाली?" ते खुर्चीत मागे रेलले. ते वाईट गृहस्थ नव्हते. तीन आठवडे त्यांनी घर पाहिलं नव्हतं. "बाई, आज एक वाडी आत घेतली तर उद्या प्रत्येक गाव विचारेल की कालची रेघ खोटी, मग आजची खरी कशावरून? गेलेली माणसं काळ्या खडकावरून परत येतील. महिनाअखेरीस फेरतपासणी आहे, त्यात घालू. हां, तुमच्याकडे काही ठोस असेल तर बोला."

ठोस तिच्याकडे होतं. ती दारापर्यंत गेली, वळली, आणि साहेब परत फोनवर बोलायला लागलेले बघून बाहेर आली. मग जागेवर जाऊन तिने ओल्या बाजूच्या एका रस्त्याला शाई भरली. उद्या सांगू, असं ठरवलं. मंगळवारी साहेब दिवसभर मंत्रालयात होते. ती संध्याकाळपर्यंत थांबली आणि घरी गेली.

बुधवारी सकाळी दहा वाजून गेले होते तेव्हा खिडक्यांची तावदानं एकदम आत आल्यासारखी झाली. आवाज नंतर आला. सगळी कचेरी गच्चीवर धावली. डोंगराच्या दक्षिण अंगाने करड्या रंगाचं काहीतरी खाली उतरत होतं. इतक्या लांबून ते सावकाश उतरल्यासारखं दिसत होतं, लोकर उसवत जावी तसं. कोणीतरी म्हणालं, "बरं झालं बाबा, माणसं वेळेत हलवली." धाकटी कठड्याला धरून उभी होती. तिला नकाशाशिवाय कळत होतं की ते कुठल्या फाट्याशी पोचलंय, आणि तिथे वळलं नाही, तेही दिसलं.

वाडी राहिली नाही. ओढाही राहिला नाही. बावीस माणसं गेली, त्यात थोरली.

एकोणचाळीस वाचली होती. कशी, ते कचेरीत कोणालाच समजत नव्हतं. धाकटीने कोणाला विचारलं नाही. ती रोज कामावर येत होती. लोक तिचं सांत्वन करत, तिच्या टेबलावर चहा ठेवून जात. चौकशी समिती नेमली गेली. मोजणीचा मूळ कागद काढला, त्यावर रेघ वाडीच्या वरून गेलेली, खाली मोजणीदाराची सही. दवाखान्यातून घरी आलेल्या मोजणीदाराला निलंबित केलं. तो समितीला सांगत राहिला की मी पुलावरून रेघ मारली होती. समितीने कागद त्याच्यापुढे धरला, तेव्हा तो गप्प झाला. हे धाकटीच्या कानावर आलं. त्या दिवशीही तिने शाई भरली.

तेराव्या दिवशी तिच्या खोलीचं दार वाजलं. दारात शिवणवाली. अंगावर कोणाचंतरी मापाला मोठं झंपर, हातात एक पिशवी.

"तुमचा पत्ता शोधत आले," ती म्हणाली. "भेटणं भाग होतं."

धाकटीने तिला खुर्ची दिली. शिवणवाली काठावरच बसली आणि सांगू लागली. सोमवारपासून थोरली घरोघर फिरत होती. माझ्या धाकटीचा निरोप आलाय, ती नकाशे काढते, तिला आतलं कळतं, इथे धोका आहे, निघा. काही लोक हसले. सरकारी नकाशा चौकात लागलाय, तुझ्या बहिणीचं काय ऐकायचं, म्हणाले. बाकीचे निघाले. "माझी अडचण सासऱ्यांची. त्यांना बसमध्ये घालता येईना. एका जीपवाल्याने बुधवारी दुपारी येतो म्हणून शब्द दिला. तुमची ताई म्हणाली, तू पोरींना घेऊन सकाळच्या बसने पुढे हो, म्हाताऱ्याजवळ मी थांबते, जीप आली की दोघं येतो." ती थांबली. "माझ्या पोरी तुमच्या निरोपामुळे जिवंत आहेत. एवढं सांगायला आले."

तिने पिशवीतून एक शिवलेलं पोलकं काढून टेबलावर ठेवलं. अंदाजाने शिवलंय, म्हणाली, ताईच्या मापावर, तुम्ही दोघी एकाच अंगाच्या वाटलात.

धाकटीने पोलक्याला हात लावला नाही. "बसा," ती म्हणाली, शिवणवाली बसलेलीच असताना. आणि मग तिने सांगितलं. पुलावरची रेघ, रबर, दवाखाना, साहेबांपुढे फिरलेली जीभ. काही राखून ठेवलं नाही. 

"हे मला कशाला सांगितलंत?" शिवणवाली म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "शिव्या द्यायला माझ्याकडे डोंगराशिवाय कोणी नव्हतं. तेवढं बरं चाललं होतं माझं."

"तुम्ही आभार मानलेत."

"चौकशीवाल्यांना सांगितलंत?"

"नाही."

"मग आधी मला का? मी काय, माफ करून जाईन म्हणून?"

 शिवणवाली उठली, पोलकं परत पिशवीत टाकलं आणि दार ओढून न घेताच जिना उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी समितीपुढे जाऊन उभी राहिली. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मऊ आवाजात म्हणाले, "बाई, तुमची सख्खी बहीण गेली आहे. अशा वेळी माणूस स्वतःलाच दोष लावून घेतो. घरी जा, विश्रांती घ्या."

"तो कागद मागवा," धाकटी म्हणाली. "आणि एक टेबलावरचा दिवा."

पडदे ओढले. तिने कागद टेबलाच्या कडेला आणला आणि दिवा इतका आडवा धरला की उजेड कागदावर घासत जावा. मोजणीदार पेन्सिल दाबून चालवणारा माणूस. रबराने शिसं गेलं होतं, पण चर गेला नव्हता. कागदाच्या अंगात बुजलेल्या जखमेसारखी ती रेघ पुलाजवळून गेलेली स्पष्ट दिसली. अध्यक्षांनी वाकून पाहिलं, मग इतर दोघांनी. शेवटी मोजणीदाराला बोलावलं. तो त्या चरावरून बोट फिरवत राहिला, पुलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

बाहेरच्या बाकावर तो तिच्या शेजारी येऊन बसला. "मला वाटायला लागलं होतं की चूक माझीच," तो म्हणाला. "तापात मीच वर मारली असेन. रोज पडल्यापडल्या तो ओढा चढत होतो मनात. बायकोला सांगितलं मी, की बावीस माणसं मी मारली." त्याला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर तो उठला आणि गेला. त्यानंतर तो तिच्याशी कधी बोलला नाही.

तिला तीन वर्षांची शिक्षा झाली. साहेबांची बदली ओल्या बाजूला झाली.

तुरुंगात सहावा महिना चालू असताना भेटीच्या खोलीत तिला बोलावलं. जाळीपलीकडे शिवणवाली होती. कशी आहात वगैरे काही नाही. बसल्याबसल्या म्हणाली, "राख थंड झालीय. खणायला परवानगी मिळाली. पण कुठे खणायचं तेच कळत नाही. सगळं सपाट. ना ओढा, ना पूल, ना झाड. वाचलेल्या पोरांनी तीन ठिकाणी खणलं, शेतच लागलं. मला सासऱ्यांना बाहेर काढायचंय. तुमचे ते मोजणीदार म्हणाले, वाडीतलं घर न् घर फक्त तुम्हाला माहीत असेल."

"मोजणीदार आहेत बरोबर?"

"बाहेर उभे आहेत. आत यायचं नाही म्हणाले."

धाकटीने पहारेकरणीकडे कागद मागितला. तिने नियम आठवून बघितले, मग हजेरीवहीतलं कोरं पान फाडून दिलं आणि स्वतःच्या कानावरची पेन्सिल काढून दिली. धाकटीने डोळे मिटले नाहीत की आठवायला थांबली नाही. आधी खालच्या धरणाचा खांब घेतला, कारण तो उरला असणार. दुसरा आधार पश्चिमेच्या टेकडीवरचा मनोरा. त्या दोन्हींपासूनची अंतरं लिहिली. मग ओढा, पूल, पुलापासून बत्तीस पावलांवर पहिलं घर. अकराच्या अकरा घरं, त्यांची दारं कुठल्या बाजूला, पाण्याची टाकी, थोरलीचं अंगण, गोठा, गोठ्यात खाट कुठे ठेवली होती ते तिने शिवणवालीला विचारून घेतलं.

"खिडकीखाली," शिवणवाली म्हणाली. "त्यांना उजेड लागायचा."

धाकटीने खिडकीखाली एक छोटा चौकोन काढला.

तीन आठवड्यांनी शिवणवाली परत आली. या वेळी उभीच राहिली. बावीसपैकी एकोणीस जण सापडले होते. सासरे खाटेवरच होते, अंगावर थोरलीची गोधडी. थोरली मात्र घरात नव्हती. टाकी आणि गोठा यांच्यामधल्या वाटेवर होती, जवळ हंडा.

धाकटीने जाळीला बोटं अडकवली. "तोंड कुठल्या बाजूला होतं तिचं?"

"काय?"

"टाकीकडे होतं, रस्त्याकडे, की गोठ्याकडे?"

शिवणवालीने जरा आठवून पाहिलं. "गोठ्याकडे. पाणी घेऊन परत येत असणार. म्हाताऱ्यांना सारखी तहान लागायची."

शनिवारी सगळ्यांना एकत्रच पुरणार होते, कोरड्या बाजूला, शहराबाहेरच्या मैदानात. धाकटीने एका दिवसाच्या रजेचा अर्ज केला. तुरुंगाधिकारीण बाईंनी तो वर पाठवला. उत्तर शनिवार उलटून गेल्यावर मंगळवारी आलं, नामंजूर म्हणून.